तारांमध्ये ओवलेली मेमरी

स्क्रीनवर ही जी जाळी दिसतेय ना, बारीक तारा आणि जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे मंगळसूत्राच्या काळ्या मण्याएवढी एकेक कडी, ही जुन्या कॉम्प्युटरची मेमरी आहे, कोर मेमरी. खरंच. एक कडी म्हणजे एक बिट, म्हणजे एक 0 किंवा 1, कडीचं चुंबकत्व कुठल्या दिशेला आहे त्यावरून ठरणारा.

मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत 1960 साली टिफ्रॅक सुरू झाला, आपल्याच लोकांनी बांधलेला कॉम्प्युटर, त्यात हीच कोर मेमरी होती, 2048 शब्द (म्हणजे बिटचे गठ्ठे) आणि एकेक शब्द 40 बिटचा, म्हणजे हिशोब केला तर जवळपास 82 हजार कड्या. आणि एवढं सगळं करून साठवण किती, तर 10 केबी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोपण मावायचा नाही त्यात.

कडी लोखंडी वाटते पण ती फेराइटची, म्हणजे सिरॅमिकच. लोखंडाचं ऑक्साइड, त्यात मँगनीज, मॅग्नेशियम, ती पावडर साच्यात दाबायची आणि भट्टीत भाजायची. ह्या मटेरियलची गंमत अशी की थोडा करंट दिला तर ढिम्म हलत नाही, ठरावीक मर्यादा ओलांडली की चुंबकत्व फटकन उलटं होतं आणि मग वीज गेली तरी तसंच राहतं. मग काय, आडव्या तारेत अर्धा करंट, उभ्या तारेत अर्धा, दोन्ही जिथे भेटतात तेवढीच कडी पलटणार, बाकीच्या गप्प! अमेरिकेतल्या एमआयटीत इंजिनियर जे फॉरेस्टर यांनी हे जमवलं आणि 1953 मध्ये व्हर्लविंड नावाच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं.

एकच लोचा. वाचायचं म्हणजे कडीला शून्याकडे ढकलायचं, ती पलटली तर आणखी एका तारेत झटका येतो, म्हणजे तिथे 1 होता. होता, कारण आता पुसला गेला, तो परत लिहायचा, दर वेळी.

ओवायचं काम बरंचसं बायका करायच्या, हाताने. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या कॉम्प्युटरचा तर प्रोग्रामच असा विणलेला, तार कडीतून गेली तर 1, बाहेरून गेली तर 0. एकदा विणलं की बग सापडला तरी बसा बोंबलत.

1970 मध्ये इंटेलची 1103 ही सिलिकॉनची मेमरी चिप आली, डीरॅम जातीची, आणि दोनचार वर्षांत कड्या मागे पडल्या. सिलिकॉन स्वस्त, पण त्यातला चार्ज गळतो, सेकंदात कितीतरी वेळा भरत बसावं लागतं, आणि लाइट गेली की सगळं साफ.

आता एमरॅम नावाच्या चिपमध्ये परत चुंबकच आहे, कोबाल्ट, लोखंड आणि बोरॉनचे दोन थर, मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा जेमतेम नॅनोमीटरभर पडदा. इथे वाचताना काही पुसलं जात नाही, नुसता रेझिस्टन्स, म्हणजे विजेला किती अडथळा होतो ते बघायचं. पण डीरॅमएवढी दाटी अजून जमलेली नाही, त्यामुळे लॅपटॉपची रॅम काही एवढ्यात बदलेल असं मला वाटत नाही.