आण्णांचा रविवार

रविवार, सकाळचे सात. पन्हाळा तालुक्यातली ही वाट उसातून जाते. सायकलवर आण्णा आहेत. हँडलला अडकवलेल्या पिशवीत पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक आणि चर्चची किल्ली.

आण्णा पाळक, म्हणजे दीक्षा घेतलेले धर्मगुरू, नाहीत; या मंडळीचे, म्हणजे इथल्या चर्चच्या लोकांचे, वडील आहेत. वडील म्हणजे मंडळीनं आपल्यातूनच निवडलेला माणूस. पगार नाही, झगा नाही. आठवडाभर ते शेतात असतात.

आधी केर काढायचा. चिमण्यांनी पाडलेल्या काड्या बाकांवरून पुसायच्या. सतरंजी झटकून अंथरायची. मग जांभळीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारायची. ही इथली घंटा. तिचा आवाज ओढ्यापलीकडे जातो.

आण्णांचं चर्च खेड्यातलं; तिकडे कोल्हापूर शहरात आहे वायल्डर मेमोरियल चर्च. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या. १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेलं. त्या परंपरेत वडिलांना मोठा मान. मंडळीचा कारभार पाळकानं त्यांच्यासोबत बसूनच चालवायचा. खेड्यात तर मिशनचा शाळामास्तरच रविवारी उपदेश करायचा. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, बिशप आले. गावच्या तोंडी ‘वडील’ राहिलेच. बाहेरून मिशनरी आले हे सगळे सांगतात. मंडळ्या गावच्याच माणसांनी जपल्या, हे मात्र सांगायचं राहून जातं.

आज चौदा माणसं आलीत. पाळकसाहेबांकडे अनेक गावं, त्यांची पाळी अजून दोन आठवड्यांनी. पेटीवर आण्णांची सून. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन सुरू होतं आणि चौदा माणसांचा आवाज चौदांचा वाटत नाही.

उपदेशाचं टिपण शाळेच्या वहीत आहे. आज येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला. खडकाळ जागी पडलेलं बी म्हणजे काय, हे पन्हाळ्याच्या उतारावर भात करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आण्णा सांगतातही थोडंच. ‘वर कोंब दिसतो, पण खाली माती किती आहे ते बघा,’ एवढं म्हणून थांबतात.

उपासना संपतानाचा हा क्षण नीट ऐका. पाळक असते तर हात उंचावून म्हणाले असते, कृपा ‘तुम्हा सर्वांबरोबर’ असो. आण्णा हात उचलत नाहीत. डोळे मिटून म्हणतात, ‘आम्हा सर्वांबरोबर’. आशीर्वाद द्यायचा अधिकार पाळकांचा; वडिलांनी सगळ्यांसोबत तो मागायचा. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, तेही आण्णा देऊ शकत नाहीत. त्यासाठी मंडळी पाळकांची वाट बघते.

तरुण पोरं कोल्हापूर, इचलकरंजी, पुण्याला गेली. आण्णांनंतर किल्ली कुणाकडे, ते ठरलेलं नाही.

दुपारी साडेबारा. गल्लीच्या टोकाच्या घरात एक म्हातारी अंथरुणाला खिळून आहे. आण्णा चपला बाहेर काढतात, खाटेशी बसतात, सकाळचंच स्तोत्र पुन्हा वाचतात. ती डोळे मिटून पुढची ओळ आधीच पुटपुटते. प्रार्थना होते. आण्णा उठायला लागतात, तशी ती त्यांची बाही धरते.

‘आण्णा, चा घेऊनच जावा.’

आण्णा परत बसतात.