गेज झिरो दाखवतंय म्हणजे वेल ओके? थांबा जरा!

नमस्कार मंडळी! मागच्या दोन व्हिडिओंखाली एकच प्रश्न येतोय, ताई, वेल, म्हणजे तेलाची विहीर, तिच्या इंटिग्रिटीचं सेफ्टी ट्रेनिंग ऑनलाइन केलं तर चालतं का, की नुसता टाइमपास. (जे मला अजून सर म्हणतायत त्यांनी एकदा व्हिडिओ प्ले करून बघा, नुसता थंबनेल नको. आणि एक जण बोअर किती फूट मारू विचारतोय, भाऊ, ही तेलाची विहीर आहे, चुकून आलास.)

तर हो, चालतं. पण कोर्सवर कोर्स असतो, आणि माझा राग एकाच गोष्टीवर आहे, त्यासाठीच आज कॅमेरा लावलाय.

बेसिक पटापट उरकते, तुम्हाला माहितीच आहे. जमिनीखालचं तेल, गॅस, पाणी नको तिथे जाऊ द्यायचं नाही, ड्रिलिंगपासून वेल कायमची बंद करेपर्यंत, ही झाली इंटिग्रिटी. दोन बॅरियर, म्हणजे तेल-गॅस अडवणारे अडथळे, हवेत, एकमेकांवर अवलंबून नसलेले, दोन्ही टेस्ट केलेले. याची स्टँडर्ड्स आहेत, नॉर्सोक डी-010 वाचा, आयएसओ 16530 वाचा, घोकायला भरपूर आहे. अ‍ॅन्युलस म्हणजे पाइपात पाइप घातल्यावर मधे उरते ती पोकळी, ट्युबिंग (तेल वर आणणारा आतला पाइप) आणि केसिंग (विहिरीला बसवलेला बाहेरचा मोठा पाइप) यांच्या मधली ए, तिच्या बाहेरची बी, मग सी. झालं बेसिक.

आता मुद्दा. ए अ‍ॅन्युलसवर प्रेशर दिसतंय, तुम्ही ब्लीड केलं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून ते सोडून दिलं, काटा झिरोवर आला. पुढे काय? बहुतेक कोर्सच्या क्विझमध्ये इथे हिरवी टिक येते आणि पुढचा प्रश्न. अरे! खरी टेस्ट तर इथून सुरू होते ना!

माझीच गंमत सांगते. पहिल्या कोर्सला मला शंभरपैकी शंभर होते. कसे, तर पहिल्यांदा नापास झाले आणि दुसऱ्या वेळी तेच प्रश्न आले, नुसते पर्याय वरखाली केलेले. मग साइटवर पहिलं ब्लीड-ऑफ माझ्याकडे आलं. प्रेशर 620 पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) होतं, काही मिनिटांत काटा खाली, मी लॉगशीटवर झिरो लिहिलं, सही ठोकली. सिनियर सरांनी शीट बघून एवढंच विचारलं, "व्हॉल्व्ह बंद करून किती वेळ थांबलीस?" मी गप्प. व्हॉल्व्ह उघडाच होता! उघड्या व्हॉल्व्हवर झिरो नाही तर काय दिसणार! मग बंद केला आणि सरांनी मला तिथेच उभं केलं. काटा पिनेला टेकलेला, बराच वेळ ढिम्म, मला वाटलं सुटले, आणि मग तो पिनेपासून केसाएवढा सरकला. तासाभरात 90. शिफ्ट बदलताना 410.

म्हणजे बघा, फरशी पुसली म्हणून नळ गळायचा थांबत नाही. ब्लीड करणं म्हणजे फरशी पुसणं. नळ गळतोय की नाही हे पुसल्यावर वाट बघितली तरच कळतं.

हेच ग्राफवर बघा. वेल सुरू झाली की गरम तेल वर येतं, अ‍ॅन्युलसमधलं लिक्विड तापून फुगतं, प्रेशर वाढतं. ते थर्मल. एकदा सोडलं आणि वेल त्याच रेटला चालू राहिली तर परत येत नाही. पण खाली कुठेतरी गळती असेल, ट्युबिंगचा जॉइंट म्हणा, पॅकर (ट्युबिंग-केसिंगमधली पोकळी खाली बंद करणारं सील) म्हणा, बाहेरच्या अ‍ॅन्युलसमध्ये सिमेंट म्हणा, तर बंद केल्यावर प्रेशर पुन्हा चढतं. हे सस्टेन्ड केसिंग प्रेशर. झिरोच्या क्षणी दोघं सारखेच दिसतात, फरक फक्त बंद केल्यानंतरच्या रेषेत. म्हणून नेहमीची पद्धत अशी की अर्ध्या इंचाच्या नीडल व्हॉल्व्हमधून हळूहळू सोडायचं, काय बाहेर आलं, गॅस की लिक्विड, किती, ते लिहायचं, आणि मग बंद करून 24 तास नोंद. आणि हो, वर आलं म्हणून रोज सोडत बसू नका, दर वेळी आतलं जड लिक्विड जातं आणि त्या जागी हलका गॅस येतो, दुखणं वाढतं.

कोणीतरी लिहिलंय, "एवढं काय त्या झिरोचं." बरं, मकोंडो विहिरीचं ऐका. 20 एप्रिल 2010, मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन ही ड्रिलिंग रिग. निगेटिव्ह टेस्टमध्ये, म्हणजे आतलं प्रेशर मुद्दाम कमी करून खालून काही आत येतंय का बघतात त्यात, ड्रिल पाइपचं प्रेशर सोडलं की परत चढायचं, शेवटी 1400 पीएसआयवर बसलं. मग किल लाइन (रिगवरून विहिरीत जाणारा दुसरा, बाजूचा पाइप) बघितली, तिथे अर्धा तास फ्लो नाही. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेले, एक 1400 म्हणतोय, दुसरा झिरो, आणि विश्वास ठेवला झिरोवर! 1400 कुठून आलं तर म्हणे "ब्लॅडर इफेक्ट", वरच्या जड मडचा दाब खाली लागतोय. त्याच रात्री ब्लोआउट, तेल-गॅस बेकाबू उसळून वर, 11 माणसं गेली. आवडतं रीडिंग निवडायचं नसतं हो!

तर कोर्स घेताना एकच बघा, तुम्हाला बिल्ड-अपचा, म्हणजे बंद केल्यावर प्रेशर कसं चढतं त्याचा, चार्ट वाचायला देतात का, की नुसतं गेजचं चित्र दाखवून टिक मारतात. चार्ट वाचणं ऑनलाइन उलट जास्त चांगलं शिकता येतं, पॉज करा, दहा वेळा बघा. हाताचं काम मात्र स्क्रीनवर येत नाही, म्हणूनच आयडब्ल्यूसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वेल कंट्रोल कोर्सला लेव्हल 3 आणि 4 साठी सिम्युलेटरवर बसवतात, आणि सर्टिफिकेट दोन वर्षांनी संपतं ते वेगळं.

शेवटची कमेंट, चांगली आहे: "ताई, गेजच अडकलं असेल तर?" शाब्बास. आधी गेजखालचा आयसोलेशन व्हॉल्व्ह उघडा आहे का बघ, मग कॅलिब्रेट केलेलं दुसरं गेज लावून टॅली कर. आणि वास आला नाही म्हणजे एचटूएस (विषारी हायड्रोजन सल्फाइड गॅस) नाही असं समजू नकोस, 100 पीपीएमच्या आसपास नाकच बंद पडतं, डिटेक्टर अंगावर हवा. पुढच्या व्हिडिओत बी अ‍ॅन्युलस घेऊ, तो ए पेक्षा खोडकर आहे.