पाळी जायचं वय आणि गळ्यातली ग्रंथी

एका भजनी मंडळातल्या बाईंपासून सुरुवात करते. वय सत्तेचाळीस. त्यांच्या जाऊबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिचा आवाज गेलाय हो. सहा महिने झाले, एकादशीला येते आणि नुसते टाळ धरून बसते." बाई स्वतः काही सांगायला तयार नव्हत्या. "पाळी जायला आली डॉक्टर, वयच आहे ना," एवढंच म्हणाल्या.

तो आवाज मी ऐकला. घोगरा, जड, जिभेला ओझं झाल्यासारखा. एप्रिलचं ऊन होतं आणि बाईंच्या अंगात स्वेटर. चेहरा सुजरा, बोटातली अंगठी निघत नव्हती, भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालेली. त्यांना गुडघे टेकून खुर्चीवर बसवलं आणि टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण परत जागेवर यायला त्याने वेळ घेतला, सावकाश, पाण्यातून आल्यासारखं. ज्याने हे एकदा पाहिलंय तो विसरत नाही. रक्त तपासलं. टीएसएच म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी थकली की ते वाढतं. त्याची वरची मर्यादा साधारण ४ ते ५ धरतात. बाईंचा टीएसएच ७०च्या पुढे होता.

मला राग आला तो सहा महिन्यांचा. थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणं, रात्री हाताला मुंग्या, विसरभोळेपणा, अंगावरून जास्त जाणं, हे सगळं त्या घरात रोज बोललं जात होतं आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, वय. चाळिशी-पन्नाशीत पाळीही बदलते आणि थायरॉईडही बिघडते, दोन्ही एकाच दारातून आत येतात, म्हणून ही गफलत होते. रात्री दरदरून घाम, अचानक अंगातून वाफ निघाल्यासारखं होणं हे बहुतेकदा पाळी जाण्याचं. सतत थंडी वाजणं, कातडी कोरडी पडणं, आवाज बसणं हे थायरॉईडकडे बोट दाखवतं. पण थकवा आणि रक्तस्राव यावरून नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. अंगावरून फार जातंय म्हणून गर्भपिशवी काढायचं ठरलेलं आणि थायरॉईड एकदाही तपासलेली नाही, असे कागद माझ्यासमोर आलेले आहेत. रक्ताची एक साधी तपासणी आहे ती. पिशवीचा निर्णय घेण्याआधी ती मागायचा तुमचा हक्क आहे.

आता हा आजार आहे काय? १९१२ साली जपानमध्ये फुकुओकाच्या विद्यापीठात हकारू हाशिमोतो नावाचा एक तरुण शल्यचिकित्सक होता. शस्त्रक्रियेत काढलेल्या चार थायरॉईड ग्रंथी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. चारही रुग्ण बायका, मध्यमवयीन. ग्रंथीत जिथे हार्मोन तयार करणाऱ्या पेशी असायच्या, तिथे पांढऱ्या पेशींची दाटी झालेली. त्याने ते जर्मन भाषेत छापलं. पुढे तो गावी जाऊन साधी डॉक्टरकी करत राहिला आणि १९३४ साली टायफॉईडने गेला. त्या पांढऱ्या पेशी तिथे काय करत होत्या हे कळायला १९५६ साल उजाडलं. लंडनमध्ये डेबोरा डोनिएक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे शरीराचे राखणदारच घर पोखरत होते. ही सूज दुखत नाही, वर्षानुवर्षं गुपचूप चालते. ग्रंथी थकत जाते, आणि मेंदूच्या तळाची पिट्युटरी तिला जास्त जोरात हाका मारते. त्या हाका म्हणजे टीएसएच.

दुखणारी सूज वेगळी. सर्दी-तापानंतर दोन-तीन आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या भागात दुखायला लागतं, कळ कानापर्यंत जाते, बोट लावू देत नाही, छातीत धडधडतं. बायका दाताच्या नाहीतर कानाच्या डॉक्टरकडे फिरत राहतात. ती बहुधा काही महिन्यांत आपली आपण ओसरते. तिला सूज उतरवणारं औषध लागतं, आयुष्यभराची गोळी सहसा लागत नाही.

हाशिमोतोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या न दुखणाऱ्या आजारात मात्र ग्रंथी थकली की थायरॉईड हार्मोनची गोळी लागते, आणि आपल्याकडे ती गोळी चहापाशी अडते. सकाळी उठून घरातली बाई आधी सगळ्यांचा चहा टाकते, स्वतः दोन घोट घेते, मग तिला गोळी आठवते. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. मी सांगते, बाटली ओट्यावर ठेवूच नका, तिथे उष्णताही लागते. उशाशी पाण्याचा तांब्या आणि त्याच्या शेजारी बाटली. भजनवाल्या बाईंची गोळीही अशीच अडली, पण दुसऱ्या गोळ्यांपाशी. दोन महिन्यांनी टीएसएच जेमतेम उतरलेला. विचारलं तर कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी आणि ही, तिन्ही एकाच घोटात. त्या दोन्हींमध्ये आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर ही आतड्यात शोषलीच जात नाही. डोस तोच ठेवला, फक्त वेळ बदलली. आणि हो, संकष्टीलाही गोळी घ्यायची.

डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून मगच तपासायचं, कारण हे हार्मोन रक्तात सावकाश जमतं. वजन उतरावं म्हणून कुणी मनानेच गोळी वाढवू नये. थायरॉईडमुळे वाढलेलं वजन थोड्या किलोंचं असतं, त्यातही बरंचसं पाणी. जास्तीच्या गोळीने हृदयाचे ठोके अनियमित होतात, आणि पाळी गेल्यावर आधीच विरळ होत चाललेली हाडं आणखी झिजतात. कोबी-फ्लॉवर वर्ज्य नाही, शिजवून खुशाल खा. आयोडीनचं मीठ पुरेसं आहे, वर आयोडीनचे थेंब घेतले तर ही सूज वाढू शकते.

शेवटी जाऊबाईंनी विचारलं, "मग आता आमचीही तपासणी करायची का?" तुम्हाला त्रास असेल तर जरूर करा, असं मी म्हटलं, पण आधी रक्ताच्या नात्यातल्यांची, म्हणजे यांच्या बहिणीची आणि लेकीची. हा आजार घराण्यात चालतो. लेक सव्वीस वर्षांची, नुकतं लग्न झालेलं. तिचा टीएसएच ठीक निघाला, प्रतिपिंडं मात्र होती. तिला आज गोळी नाही. दिवस राहिले की पहिल्याच महिन्यात टीएसएच पुन्हा करायचा, बाळाची सुरुवातीची वाढ आईच्याच हार्मोनवर चालते, असं मी तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय.