नंबर घेतंय, फॅट घेईना

(दृश्य: पहाट. दूध संस्थेपुढं किटल्यांची रांग.)

वाळवा, पलूस भागातल्या दूध संस्थेत सकाळचं संकलन म्हणजे तासा-दीड तासाची धांदल. त्यात दुधाची नोंद घेणारं मोबाइल ॲप अडलं तर सचिव तक्रारीचा फॉर्म भरत बसत नाही. सांगलीतल्या डेव्हलपरला तो आठ सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकतो: "साहेब, कालपास्नं नंबर घेतंय, पण फॅट घेईना झालंय. लोकं थांबल्यात."

यावर "व्हर्जन कोणतं? एरर काय आला? स्टेप्स पाठवा" असं उत्तर गेलं की तक्रार तिथंच मेली. सचिव वही काढतो, पुढच्या वेळी कळवतही नाही.

(दृश्य: विश्रामबागेतलं ऑफिस. मेसेज पुन्हा ऐकला जातोय.)

'कालपास्नं': परवा चालत होतं, मधे काहीतरी बदललं. 'नंबर घेतंय': ॲप उघडतंय, सभासद सापडतोय, म्हणजे लॉगिन तपासत बसू नका. 'फॅट घेईना': अडतंय ते दशांशाच्या आकड्यावर. हे शब्द तक्रारीच्या नोंदीत जसेच्या तसे उतरवायचे, मेसेजही जोडायचा. 'डेटा एंट्री फेल' असं शुद्ध करून लिहिलं की नेमका दुवा पुसला जातो.

मग प्रश्न एकच, तोही संकलन उरकल्यावर: "परवापास्नं फोनमध्ये काय बदललं का?"

"पोरानं फोन मराठीत करून दिला."

(दृश्य: टेस्टचा फोन. सेटिंग, भाषा, मराठी.)

फोनची भाषा मराठी झाली की जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं, आकड्यांचा मजकूर करणारं 'स्ट्रिंग फॉरमॅट' आकडे देवनागरीत लिहायला लागतं. ॲप तोच मजकूर परत वाचायला जातं तेव्हा गंमत होते. पूर्णांक वाचणारं 'पार्सइंट' देवनागरी आकडे निमूट घेतं. दशांश वाचणारं 'पार्सडबल' एक्सेप्शन फेकतं, म्हणजे चूक सांगून तिथंच थांबतं. सभासद क्रमांक १२ गेला, फॅट ३.८ अडकली. सचिव अक्षरशः हेच सांगत होता.

दुरुस्ती छोटी: आतल्या हिशेबाच्या फॉरमॅटला 'लोकेल रूट' (कुठल्याच भाषेला न बांधलेलं सेटिंग) द्यायचं, देवनागरी फक्त पडद्यापुरती. तोवर फोन इंग्रजीत ठेवायला सांगा. संध्याकाळचं दूध तुमच्या अपडेटसाठी थांबत नाही.

"पहिल्या सात जणांचं दूध कालच्या तारखेला पडलं" असा निरोप आला तर घड्याळ बघा. पहाटे साडेपाचच्या आधीच्याच नोंदी चुकल्या असतील, तर सर्व्हर तारीख यूटीसीनं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनं काढतोय. आपण त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढं.

नुसतं "चालंना" आलं, तर मात्र त्यात ब्लूटूथ, प्रिंटरचा कागद, संपलेला रिचार्ज असं सगळंच बसतं. तिथं लिहून विचारू नका. फोन लावा आणि शेवटची पावती कुणाची निघाली ते विचारा.

(दृश्य: संध्याकाळ. प्रिंटरमधून पावती.)

नवं व्हर्जन गेलं म्हणून नोंद लगेच बंद करायची नाही. सचिवाला फोन पुन्हा मराठीत करायला लावायचा, पहिल्या सभासदाची फॅट टाकायला सांगायची आणि पावतीचा फोटो मागवायचा. त्यावर फॅट आणि रक्कम दोन्ही दिसली, की मग बंद.