हातावरचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

तपासताना मी समोरच्या माणसाला दोन्ही हात पुढे करून बोटं फाकवायला सांगते आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवते. एरवी डोळ्यांना न जाणवणारी थरथर कागदाच्या कडेला लगेच दिसते. लिथियम हे बायपोलर आजारावरचं औषध; या आजारात उन्माद, म्हणजे मनाचा बेसुमार चढ, आणि नैराश्य आलटून-पालटून येतात. हे औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांचा कागद असा हलतो. मग ठरलेला प्रश्न येतो: "डॉक्टर, या गोळ्यांनी माझ्या नसा कमजोर झाल्या का?"

तसं नाही. हाताला बारीक कंप आपल्या सगळ्यांनाच असतो, सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा. लिथियम तो ठळक करतं इतकंच. कॉफी आणि धास्ती त्यात भर घालतात. डोस थोडा कमी करून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन तो बहुतेकदा आटोक्यात येतो.

आणि मज्जासंस्थेवर परिणाम काय फक्त औषधाचाच होतो? बायपोलरमधलं नैराश्य गोळीच्या आधीच शरीरात शिरलेलं असतं. हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड होतात. नाव विचारलं तरी उत्तर यायला वेळ लागतो. कुणाची झोप उडते, कुणी दिवसाचे चौदा तास झोपूनही थकलेलाच उठतो, कारण मेंदूतलं शरीराचं घड्याळच विस्कटलेलं असतं. घरचे याला आळस म्हणतात. मला या शब्दाचा राग येतो.

लिथियमची गोष्ट 1949 सालची. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी ते गिनीपिगना टोचलं, तर ते प्राणी सुस्त पडून राहिले. मग केड यांनी ते उन्मादाच्या रुग्णांना दिलं आणि गुण आला. त्या प्राण्यांना बहुधा थोडी विषबाधाच झाली असावी, असं आज अनेकांना वाटतं. चुकीच्या दारातून योग्य घरात शिरावं, तसंच झालं म्हणायचं!

पण विषबाधेचा धोका खरा आहे. लिथियम हे मिठातल्या सोडियमचं भावंड, आणि मूत्रपिंडाला दोघांतला फरक नीट कळत नाही. जुलाब झाले, खूप घाम गेला, मीठ एकदम तोडलं, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही रक्तातली पातळी चढवतात. एरवी ती साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. दीडच्या वर गेली की काळजीचं. म्हणून शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त तपासायचं.

पातळी चढली की कंपाची जात बदलते. बोटांची बारीक थरथर जाऊन अख्खा हात हेलकावतो, चाल लटपटते, जीभ जड होते, उलट्या-जुलाब होतात. अशा वेळी पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नुसत्या बारीक थरथरीसाठी मात्र गोळी परस्पर बंद करू नका. लिथियम अचानक सोडलं की आजार, विशेषतः उन्माद, लवकर उलटू शकतो.

बायपोलरवरच्या बाकीच्या औषधांच्याही तऱ्हा आहेत. व्हॅलप्रोएटनेही हात कापतो. क्वेटियापीनने गुंगी येते, झटकन उठलं की चक्कर येते. मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी पायांत अशी वळवळ सुटते की माणसाला एका जागी बसवत नाही. ही बेचैनी आजारच वाढल्यासारखी दिसते, आणि डोस कमी करायचा तिथे वाढवला जातो. तेव्हा डॉक्टरांना नुसतं "अस्वस्थ वाटतं" सांगू नका. पाय हलवल्यावर बरं वाटतं का, गोळी बदलल्यापासूनच हे सुरू झालं का, तेही सांगा.

एक सोपं काम करा. एका वहीत रोज तारीख घालून सही करा आणि शेजारी जिलबीसारखं एक वेटोळं काढा. वेटोळ्याची रेघ कधीपासून कापायला लागली, ते पान उलटताच समजतं. तपासायला येताना ती वही बरोबर आणा. रक्ताच्या रिपोर्टआधी मी ती उघडते.

नमस्कार.