भरतीचा हंगाम आणि पहिले सत्र

मित्रहो, येत्या काही महिन्यांत तुमच्यापैकी अनेक जण व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणासाठी परदेशी जाणार आहेत. प्रवेश निश्चित झाला, व्हिसाची कागदपत्रे जमू लागली की बाकीचे सगळे तिथे गेल्यावर पाहू, असे मनाला वाटणे साहजिक आहे. माझे आजचे सांगणे नेमके या विचाराविरुद्ध आहे, कारण तिथे पोहोचल्यावर पाहायला सवड अशी मिळतच नाही. अभ्यास, नोकरीचा शोध आणि मैत्री या तिन्हींचा मेळ कसा घालायचा, याविषयी मी बोलणार आहे.

अमेरिकेतील दोन वर्षांचे एमबीए घ्या. वर्ग ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि त्याच शरद ऋतूत सल्लागार कंपन्या व गुंतवणूक बँका पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्यांना भेटू लागतात. त्या इंटर्नशिपमधूनच अनेकांना पदवीनंतरची कायम नोकरी मिळते, म्हणून ती हुकवणे परवडत नाही. ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेलात, तर वर्षभराने सुरू होणाऱ्या नोकऱ्यांचे अर्ज तुमच्या पहिल्याच सत्रात मागवले जातात. फ्रान्स आणि सिंगापूर इथे चालणाऱ्या इन्सेड या व्यवस्थापन संस्थेच्या एमबीएला तर एकूण दहा महिनेच मिळतात. विद्यापीठाचे वेळापत्रक एक जण ठरवतो, भरतीचे दुसराच, आणि या दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी न सांगता विद्यार्थ्यावर येऊन पडते.

दिवसाचे तीन वाटे करा, सकाळ अभ्यासाला, दुपार नोकरीच्या शोधाला, संध्याकाळ मित्रांना, असा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. तो चांगल्या हेतूने दिलेला असला तरी मला पटत नाही. केस पद्धतीने शिकवणाऱ्या संस्थांत, आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलने ही पद्धत जगभर रुजवली आहे, दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक तासासाठी एकेका कंपनीची अनेक पानी हकिगत आदल्या रात्री वाचून यावी लागते. प्राध्यापक कुणालाही अचानक उठवून चर्चेची सुरुवात करायला सांगतात आणि वर्गातील सहभागावर गुण अवलंबून असतात. अशा अभ्यासाला ठरावीक तासांच्या चौकटीत बसवता येत नाही. वाटणी करायचीच असेल तर आठवड्यांची करा. सत्राच्या आरंभी परीक्षा, अहवालांच्या तारखा आणि तुम्हाला हव्या असलेल्या क्षेत्राच्या भरतीच्या तारखा एकाच कागदावर मांडा. दोन-तीन आठवडे असे निघतील, की ज्यांत सगळेच एकावर एक आले आहे. त्या आठवड्यांत काय कमी करायचे, हे आधीच ठरवा. थकलेल्या रात्री घेतलेला असा निर्णय बहुधा चुकीचा असतो, कारण त्या वेळी माणूस सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या कामाकडे वळतो.

अभ्यासात काय कमी करता येईल, याचे उत्तर देश आणि संस्थेनुसार बदलते. व्हार्टन किंवा शिकागो बूथसारख्या काही अमेरिकन संस्थांत विद्यार्थी आपले गुण नोकरी देणाऱ्यांना सांगत नाहीत, असा तिथल्या विद्यार्थ्यांनीच जपलेला संकेत आहे. तिथे एखाद्या विषयात बेताचे गुण पडले तरी मुलाखतीवर सावट येत नाही. ब्रिटनमध्ये पदवी करणाऱ्यांनी मात्र हा हिशेब लावू नये, कारण तिथल्या अनेक कंपन्या पदवीच्या श्रेणीची अट घालतात. आणि गुण दाखवायचे नसले तरी विषय टाळता येत नाही. वित्तक्षेत्रातील मुलाखतीत घसाऱ्याची, म्हणजे यंत्रे-इमारतींच्या किमतीत दरवर्षी धरल्या जाणाऱ्या घटीची, रक्कम वाढली तर नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह आणि ताळेबंद यांत काय काय बदलेल, असे सरळ विचारतात. हे ज्याने वर्गात मन लावून समजून घेतले, त्याला मुलाखतीसाठी निराळे पाठांतर करावे लागत नाही.

गटकार्याबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण संबंध बिघडतात ते इथे. मुलाखतीचे बोलावणे अनेकदा दोन-तीन दिवस आधी येते आणि नेमके त्याच आठवड्यात गटाचा अहवाल द्यायचा असतो. बोलावणे येताच, त्याच तासात, गटाला कळवावे आणि सोबत आपला पर्यायही मांडावा: ‘आकडेमोड मी आज रात्रीच पूर्ण करून देतो, सादरीकरणाचा भाग तू घे, पुढच्या अहवालाचे लेखन संपूर्ण माझ्याकडे.’ अशी देवाणघेवाण गटातील लोक आनंदाने मान्य करतात, कारण त्यांच्याही मुलाखती येणारच असतात. आदल्या रात्री दहाला ‘उद्या जमणार नाही’ असा निरोप पाठवणाऱ्याची आठवण मात्र वर्षभर राहते.

केस मुलाखतीचा, म्हणजे कंपनीची एखादी अडचण देऊन ती समोरच सोडवायला लावतात त्या मुलाखतीचा, सराव ही तर एकट्याने करण्याची गोष्टच नाही. दोघे जण छोट्या खोलीत बसतात. एक जण सांगतो, कंपनीचा नफा दोन वर्षे घटतो आहे, कारण शोधा. दुसरा मिनिटभर वेळ मागून घेतो, कागदावर उत्पन्न आणि खर्च असे दोन फाटे काढतो, विक्री घटली की किंमत घटली, असे विचारत पुढे जातो. अर्ध्या-पाऊण तासाने पहिला सांगतो, ‘तू उत्तर बरोबर काढलेस, पण निष्कर्ष शेवटपर्यंत मोठ्याने बोलला नाहीस.’ हे शेवटचे वाक्य ज्याच्याकडून प्रामाणिकपणे ऐकायला मिळेल, असा जोडीदार शोधा आणि त्याच्यासाठीही तितकेच करा. त्याच कंपनीसाठी तोही प्रयत्न करत असेल, तरी काही बिघडत नाही.

मैत्रीला ‘नेटवर्किंग’च्या खात्यात टाकू नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. कंपनीतल्या माणसाशी कॉफीवर अर्धा तास बोलणे, दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल पाठवणे, हे भरतीचेच काम आहे आणि त्याचा वेळ भरतीच्या वेळातूनच जायला हवा. ज्या संध्याकाळी कुणाकडून काही मिळवायचे नसते, ती वेगळी. परक्या देशात नकाराचा मेल वाचून झाल्यावर आपल्याजवळ बसणारे माणूस हवे असते, आणि ते माणूस त्या आठवड्यात निर्माण होत नाही. प्रत्येक पार्टीला जाण्याची गरज नाही. ठरलेल्या दिवशी तीन-चार जणांबरोबर जेवण मात्र मुलाखतीच्या आठवड्यातही मोडू नका.

परदेशी विद्यार्थ्याला आणखी एक बाब सांभाळावी लागते, ती व्हिसाची. अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी या शिक्षणाशी निगडित कामाच्या परवानगीखाली 12 महिने काम करता येते, अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात असेल तर आणखी 24 महिने मिळू शकतात, आणि पहिल्या 12 महिन्यांच्या ओपीटीत बेरोजगारीचे एकूण 90 दिवसच चालतात. नोकरीच्या अर्जात ‘आता किंवा पुढे व्हिसासाठी प्रायोजकत्व (कंपनीने तुमच्यासाठी व्हिसाचा अर्ज करणे) लागेल का’ असा प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरेच द्या आणि कोणत्या कंपन्या प्रायोजकत्व देतात, हे आधी शोधा. जिथे दारच बंद आहे, तिथे अर्ज करण्यात गेलेल्या संध्याकाळी अभ्यासाच्या आणि मित्रांच्या वाट्यातून कापलेल्या असतात. नियम बदलत राहतात, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला पहिल्या महिन्यातच भेटा.

आता नोकरीचा प्रस्ताव हाती आल्यानंतरचे. उत्तराला मुदत थोडी असेल तर नम्रपणे वाढवून मागा. विद्यापीठाचे करिअर कार्यालय यात मदत करते. एकदा होकार दिला की उरलेल्या सर्व मुलाखतींतून त्याच दिवशी लेखी माघार घ्या. तुमच्या माघारीने रिकामी झालेली वेळ बहुधा प्रतीक्षायादीतील कुणाला तरी मिळते, आणि तो कदाचित तुमच्याबरोबर त्या छोट्या खोलीत सराव करणाराच असेल.