तो पहिला आला म्हणून गोष्ट लिहिली का?

नमस्कार मंडळी.

सोलापूरच्या पूर्व भागात मी बरीच वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलं. वर्गातली कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलायची. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. मराठी भेटायची ती शाळेत. त्यातल्या एका मुलाबद्दल बोलायला मी उभी आहे.

एकदा त्याच्या घरी गेले होते. आई मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या भिजवलेल्या पानांत तंबाखू भरत होती आणि हा शेजारी बसून पंचवीस-पंचवीस विड्यांच्या जुड्या बांधत होता. बोटं झरझर चालायची, मोजणं चुकायचं नाही. पुस्तक उघडलं की तीच बोटं ओळीवरून घसरायची. 'र'नं तर त्याला फार छळलं. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पायाशी, 'राष्ट्र'मध्ये निराळा, 'तऱ्हा'मध्ये आणखी निराळा. तो 'सूय' वाचायचा, वर्ग हसायचा. "वाचायलो की बाई," म्हणत तो पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायचा.

2009चा शिक्षण हक्क कायदा आला, तेव्हा आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. चांगलंच झालं. पण वाचता येत नाही याची लाज मुलाबरोबर वरच्या वर्गात जातच राहिली.

एका शनिवारी मी वर्गात गोष्ट वाचून दाखवली. अभ्यासात मागे पडलेला मुलगा शेवटी चित्रांच्या स्पर्धेत पहिला येतो, सगळे त्याला खांद्यावर घेतात. वर्गानं टाळ्या वाजवल्या. हा उठून म्हणाला, "बाई, तो पहिला आला म्हणून गोष्ट लिहिली का?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कपाटातली बालपुस्तकं काढून बसले. फुरसुंगीच्या फास्टर फेणेवर माझाही जीव आहे, तो हवाच. पण ज्याला चोर पकडता येत नाहीत, चित्रं काढता येत नाहीत, गणितात पस्तीस पडतात, तो पोरगा कुठे आहे? असलाच तर शेवटच्या पानापर्यंत त्याच्यात काहीतरी असामान्य सापडतंच. म्हणजे आधी जिंक, मग तुला जवळ घेऊ. हे मुलांना बरोबर कळतं.

काल तुमच्या रविवारच्या मराठी शाळेत बसले होते. आठ वर्षांची एक मुलगी 'तऱ्हा'पाशी अडली. तिचं बोट तसंच घसरलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरची भाषा मराठी असूनही अडखळणारी ही मुलगी आणि घरची तेलुगू असलेला माझा तो मुलगा मला शेजारी शेजारी बसलेले दिसले.

मी आता त्याची गोष्ट लिहिते आहे. तीत तो कुठेच पहिला येत नाही. सहामाहीला पस्तीस, वार्षिकला अडतीस. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. होम मैदानावर आई आणि धाकटी बहीण यांच्याबरोबर तो गड्ड्याला जातो. सर्कशीच्या तंबूबाहेर पाटी असते. बहीण हात ओढत असते, मागची माणसं ढकलत असतात, आणि हा पाटीसमोर थांबून वाचतो, "प... प्र... प्रवेश." मग पुढचा शब्द. आई तिकिटाचे पैसे मुठीत धरून त्याच्या शेजारी उभी राहते. त्याचं वाचून होईपर्यंत.